आईचा बधिर हात
(दिंडीच्या शताब्दी वर्षानिमित्त राजारामपुरीत झालेल्या मेळाव्यातील भाषण)

विणेकरी बुवा, चोपदार, दिंडीतले ज्येष्ठ टाळकरी आणि समोर बसलेल्या सगळ्या माऊली, आम्ही कीर्तनकार नाही आणि डॉक्टर तर नाहीच. तरी आम्हाला बोलायला उभं केलं त्याचं कारण बुवांनीच सांगितलं. म्हणाले, "निरूपण करणारी माणसं आपल्यात पुष्कळ आहेत. तुमच्या आईला झटका येऊन गेला, मागं हातापायाचा बधिरपणा राहिला. तो घरात कसा सांभाळताय तेवढं सांगा. दिंडीत आता साठीच्या पुढचीच माणसं जास्त. उपयोगी पडंल." तेव्हा हे बोलणं आम्हा तिघा भावंडांचं आहे आणि थोरल्या सूनबाईंचं. रोजचं खरं काम त्या करतात. माईकपुढं यायला मात्र त्यांनी साफ नकार दिला.

आईला तुम्ही सगळे ओळखता. कैक वर्षं डोक्यावर तुळस घेऊन ती दिंडीत चालली. गेली दोन वर्षं ती तुळस दुसऱ्या माऊलीच्या डोक्यावर आहे. आई हिंडते-फिरते, बोलते, मूठ वळते, जिना चढते. बघणाऱ्याला वाटतं, बरी झाली की! मग तुळस का सोडली? हा प्रश्न तिला इतक्या जणांनी विचारला, की मधे काही महिने ती भजनालाच येईना. लुळा पडलेला हात दिसतो, वाकडं झालेलं तोंड दिसतं, काठी दिसते. हाताला कळत नाही, हे कुणाला दिसणार?

झालं ते असं. कार्तिक महिना, काकड्याचे दिवस. पहाटे चारला उठून आवरताना तिला उजवा ओठ जड वाटला. तोंडावर पाणी मारलं तर डाव्या गालाला गार लागलं, उजव्याला काहीच नाही. बघता बघता हात, कूस, पाय, थेट अंगठ्यापर्यंत. अडकित्त्यानं सुपारी मधोमध कातरावी तसं अंग दोन भागांत वाटलं गेलं. ताकद होती, बोलणं स्वच्छ होतं. तासाभरात दवाखान्यात नेलं, मेंदूचा फोटो निघाला. डाव्या बाजूला, आत खोलवर, एक बारीकशी रक्तवाहिनी बंद झाली होती. ज्या जागेला थॅलॅमस म्हणतात, ती जागा.

ही जागा काय करते ते आम्हाला समजलं ते आपल्या राजारामपुरीच्या भाषेत. आपल्याकडं पत्ता गल्लीच्या नंबरानं सांगतात. आता समजा, सगळ्या गल्ल्यांमधला निरोप आधी जनता बाजार चौकात यायचा आणि तिथून पुढं ज्याच्या त्याच्या घरी जायचा. थॅलॅमस म्हणजे तो चौक. हाताचा स्पर्श, पायाखालची जमीन, गरम-गार, दुखणं, सगळा निरोप तिथूनच पुढं मेंदूच्या वरच्या भागात जातो. चौक बंद पडला की गल्ली धड, घर धड, निरोप मात्र पोचत नाही. हात चांगलाच असतो. म्हणून हाताला कितीही तेल चोळलं तरी बिघाड जिथं आहे तिथं ते तेल जात नाही. फक्त स्पर्शच जातो आणि ताकद राहते, असाही झटका असतो, हे अमेरिकेतल्या मिलर फिशर नावाच्या डॉक्टरांनी १९६५ साली लिहून ठेवलं. म्हणजे आई काही नवलाचं सांगत नव्हती.

तरी सुरुवातीला तिला ऐकावं लागलं. एका दवाखान्यात सांगितलं, "ताकद आहे, चालताय, नशीबवान आहात. बधिरपणाचं मनावर घेऊ नका." भेटायला येणारेही तेच म्हणायचे. आईनं एकदा आमच्या बहिणीला सांगितलं, "हात हाय गं, पण ठाव लागंना. दुसऱ्याचा हात खांद्याला बांधल्यागत वाटतंय." आमच्या मते सेवेची सुरुवात इथून आहे. आधी त्या माणसावर विश्वास ठेवा. कळत नाही म्हणतो ना, मग कळत नाही. रोज सकाळी "आज कसं आहे, कमी आहे का?" असंही विचारू नये. फरक महिन्यांनी पडतो, आणि रोज विचारलं की रोज 'नाही' म्हणावं लागतं.

आता घरातल्या गोष्टी. तव्यापाशी आईच्या उजव्या हाताची करंगळी भाजली. तिला ते कळलं वासावरून. पुढं डॉक्टरांनी सांगितलं, सगळ्या ज्ञानेंद्रियांत वास तेवढा असा आहे की त्याला मेंदूत शिरताना त्या चौकातून यावं लागत नाही, त्याची वाट वेगळी. नाकानं हाताची खबर दिली म्हणायची! तेव्हापासून घरात काही रीती ठरल्या. आंघोळीचं पाणी डाव्या हातानं बघायचं, बादलीत आधी गार ओतायचं आणि मग गरम. चहा स्टीलच्या पेल्यातून नको, दांडी असलेल्या कपातून, आणि तोही डाव्या हातात. शेकायची रबरी पिशवी घरातून काढली. रात्री झोपताना उजवा हात अंगाखाली अडकला तरी तिला कळत नाही, म्हणून कुशीला एक उशी. आणि उठवताना कुणीही त्या हाताला धरून ओढायचं नाही. खांदा निखळत आला तरी आतून हाक येत नाही.

पायाचं आणखी निराळं. कोल्हापुरात राहून कोल्हापुरी चप्पल सोडायची वेळ आली, याचं आईला फार लागलं. पण बघा, कोल्हापुरीला मागं पट्टा नसतो. पाऊल अंगठ्यानं ती धरून ठेवतं, आणि धरायला अंगठ्याला चप्पल कळावी लागते. टाकाळ्याच्या चढाला एकदा तिची उजवी चप्पल मागंच राहिली आणि ती तशीच वीस-पंचवीस पावलं पुढं गेली. खाली बघितलं तेव्हा समजलं. आता मागं पट्टा असलेली, बंद बोटांची सँडल आहे. अनवाणी चालायचं पूर्ण बंद. हे दिंडीतल्या माणसाला सांगणं किती अवघड, ते तुम्हाला सांगायला नको. पण बधिर पायात काटा रुतला, खडा घुसला, तर जखम चिघळेपर्यंत पत्ता लागत नाही; साखरेचा आजार असला तर मग विचारूच नका. रोज रात्री पाय धुऊन, पुसून, तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघायच्या. आमच्याकडं हे काम नातवाकडं आहे. तो तळव्यावर बोटानं अक्षर काढतो आणि आजीला ओळखायला लावतो. 'ठ' तिला लवकर ओळखता आला, गोल असतो म्हणून.

डोळ्यांचं एक सांगायचं राहिलं. आपला हात कुठं आहे हे आपल्याला न बघता कळतं. अंधारात घास तोंडातच जातो, कानात जात नाही. बधिरपणात हे ज्ञानही जातं. मग ते काम डोळ्यांवर पडतं. इंग्लंडात इयान वॉटरमन नावाचा एक तरुण होता. १९७१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, एका तापानंतर त्याचं मानेखालचं हे ज्ञान गेलं. त्याचा आजार वेगळा, झटका नव्हता. ताकद होती, पण हातपाय कुठं आहेत हेच कळेना. तो नुसत्या नजरेनं पुन्हा बसायला, उठायला, चालायला शिकला. दिवे गेले की मात्र कोसळायचा. आमच्या आईचं नुकसान त्याच्या मानानं पुष्कळ कमी, तरी तत्त्व तेच. बेसिनपाशी तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की ती उजवीकडं झुकायची. आम्हाला वाटायचं चक्कर येते. चक्कर नव्हती, डोळ्यांचा आधार सुटत होता. आता ती खुर्चीवर बसून तोंड धुते. न्हाणीघरात धरायला दांडी बसवलीय, रात्रभर तिथं बारीक दिवा असतो आणि वाटेतलं पायपुसणं काढलंय. आणि एक गोष्ट आम्ही तिला हात जोडून सांगितली, "आई, भजनाला उभी राहिलीस तर डोळे मिटू नको. रूप बघतच म्हण." यावर बुवांनी हसून मान्यता दिली, म्हणून ती ऐकली.

हाताकडून काम करून घेणं हा यातला सगळ्यात मोठा भाग. मायेपोटी घरातली माणसं बधिर माणसाचा हात काढून घेतात. बटण आम्ही लावतो, भाजी आम्ही निवडतो, ताट आम्ही आणतो, तुम्ही आपलं बसा. महिन्याभरात तो हात मांडीवर पडून राहायला शिकतो. ज्या हाताला कामच नाही त्याची चौकशी मेंदूही करत नाही. आपल्याकडं गणपतीच्या आगमनाला मेन रोड मिरवणुकीनं भरतो तेव्हा आपण घरी जातोच ना? आतल्या गल्ल्यांतून, बोळातून, वळसा घेऊन जातो. मेंदूही असे बोळ शोधतो म्हणतात. पण त्या बोळातून रोज ये-जा पाहिजे, तरच वाट पडते.

त्याला आमच्याकडं परातीचा कार्यक्रम म्हणतात. फिजिओथेरपीच्या बाईंनी रीत दाखवली, सामान सूनबाईंनी घरातलं निवडलं. परातीत ज्वारी. ज्वारीत हळकुंड, सुपारी, नाणं, खारीक, तुटलेल्या माळेचा एक मणी पुरून ठेवायचा. आधी डोळे उघडे ठेवून उजव्या हातानं वस्तू काढायची, बघायची, हळूहळू फिरवायची. मग तीच वस्तू डाव्या हातात घेऊन, "खरी अशी लागते" हे ध्यानात घ्यायचं. मग डोळे मिटून पुन्हा उजव्या हातात. चुकलं तर डोळे उघडून बघायचं, पुन्हा करायचं. रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर वीस मिनिटं, जास्त नाही. त्यात बडबड चालत नाही, टीव्ही चालत नाही. लक्ष हातात पाहिजे. नामस्मरण करणाऱ्याला लक्ष म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, तो आपला फायदाच आहे.

पहिल्या महिन्यात काहीच नाही. आई परात सरकवून द्यायची. चौथ्या महिन्यात सुपारी आणि नाणं वेगळं कळू लागलं. खरबरीत आणि मऊ त्याआधी कळलं होतं, घोंगडीचा तुकडा आणि नऊवारीचं जुनं धडपं हातावरून फिरवून. एक रुपयाचं नाणं की पाचाचं, हे आजही सांगता येत नाही. मण्याचं मात्र वेगळं झालं. तुळशीचा मणी तिला सगळ्यांच्या आधी ओळखता आला. यात चमत्कार शोधू नका. पन्नास वर्षं रोज जी वस्तू बोटांखालून गेली तिची ओळख मेंदूत खोल असणारच. म्हणून आमचं सांगणं असं, की दवाखान्यातले रबरी चेंडू चांगलेच, पण ज्याच्या त्याच्या हाताला जन्मभर जे कळत आलं ते त्याला द्या. सुताराला लाकूड द्या, शिंप्याला कापड द्या, टाळकऱ्याला टाळ द्या.

टाळावरून आठवलं. आपल्यातले एक काका, नाव सांगत नाही, त्यांनाही असाच त्रास आहे. टाळ हातातून सुटतो म्हणून त्यांनी तो खुंटीला टांगून टाकला होता. त्यांच्या मुलानं टाळाच्या दोरीला जाड सुताची गुंडाळी केली, हाताला भरेल अशी. आता टाळाकडं बघत बघत ते वाजवतात. ठेका मागं-पुढं होतो, शेजारचे सांभाळून घेतात. आमची आई पुन्हा वाती वळते. फुलवात अजून जमत नाही, कापूस हाताला कळतच नाही म्हणते. लांब वात मांडीवर वळता येते. भाकरी थापायला लागली, तव्यावर टाकायची मात्र सूनबाईंनी. थापताना भाकरी उजव्या अंगाला जाड राहते. आम्ही ती जाड बाजू ओळखून खातो.

सगळंच असं सरळ गेलं असं समजू नका. तिसऱ्या महिन्यानंतर बधिर हातात आग सुरू झाली. पंख्याचा वारा लागला तरी हात मिरची लागल्यासारखा भाजायचा, पदर घासला तरी ओरडायची, आणि सुई टोचली तर कळत नव्हतं! एकाच हाताला कळतही नाही आणि सोसतही नाही, हे घरातल्यांना पटणं अवघड. शेजारपाजारचे म्हणाले, मनाचं आहे. मनाचं नाही. झटक्यानंतर आठवड्यांनी, महिन्यांनी असं दुखणं काही जणांना सुरू होतं. पॅरिसमधल्या डेजेरीन आणि रूसी या डॉक्टरांनी १९०६ साली ते थॅलॅमसशी जोडून सांगितलंय. आपली दिंडी निघायच्या आधीची गोष्ट! यावर नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्यांचा सहसा उपयोग होत नाही आणि त्या खाऊन मूत्रपिंडाला त्रास होतो तो वेगळाच. नसांच्या दुखण्याची वेगळी औषधं असतात, ती मेंदूच्या डॉक्टरांनीच बेतानं सुरू करायची आणि वाढवायची. आईची आग निम्म्यानं कमी झाली. पूर्ण गेलेली नाही. पुऱ्या बाहीचं मऊ सुती पोलकं, कोमट पाण्याची आंघोळ आणि पंख्याची दिशा, एवढ्यानंही रात्रीची झोप लागते.

औषधावरून सांगायचं, उपाय सांगणारे फार भेटतात. माळकऱ्याच्या घरात येऊन लोकांनी कबूतर सुचवलं. त्याचं रक्त चोळा, त्याचं कालवण पाजा. आईनंच त्यांना वाटेला लावलं. कुठं कुठं जाळपट्ट्या, कुठं पाला. बधिर कातडीवर झोंबणारं, जाळणारं काहीही लावू नका. भाजलं तरी माणूस सांगू शकत नाही, एवढा एकच विचार पुरे आहे. हलक्या हातानं तेल लावायला हरकत नाही. माया पोचते, आणि ती लागते.

आणि गोळ्या. रक्तदाबाची, रक्त पातळ ठेवायची गोळी बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही. दुसरा झटका अशानं येतो. आपल्यात एकादशीला गोळी न घेणारे बरेच आहेत, त्यांना आम्ही इथून सांगतो की गोळीनं उपवास मोडत नाही. ज्यांना साखर आहे त्यांनी उपवासाचं आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं. खर्डा, लोणचं, पापड हे मीठच आहे. पंगतीत आग्रह करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलं तर उपकार होतील.

बधिरपणा जुना असला तर घाबरायचं कारण नाही. पण अचानक नवा आला, तोंड वाकडं झालं, हात खाली पडू लागला, बोलणं अडखळलं, एकदम दिसेनासं झालं किंवा तोल गेला, तर घड्याळ बघा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सगळ्यांना नाही. वाटेत असू तर चोपदारांना आधी सांगा, भजन थांबलं तरी चालेल.

मनाचं थोडक्यात सांगतो. झटका आलेल्या तिघांपैकी साधारण एकाला पुढं उदासी धरते. ती आजाराचाच भाग आहे आणि तिला औषध आहे. आईनं भजन सोडलं तेव्हा तिला घरी येऊन समजावणारे पुष्कळ आले. उपयोग झाला तो सातव्या गल्लीतल्या दोघी मावश्यांचा. त्यांनी उपदेश केला नाही. येताना शेरभर गवार आणायच्या आणि आईपुढं ओतायच्या, "मोडू लाग, आमचं एकटीचं व्हायचं नाही." आई शेंगा मोडायची, निम्म्या हातातून सांडायच्या, त्या गोळा करायच्या. असं महिनाभर चाललं. पुढं एका बुधवारी गवार मोडून झाल्यावर तिघी मिळून भजनाला आल्या.

सांभाळणाऱ्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतो. दोन वर्षांत सूनबाई एकदाही माहेरी चार दिवस राहिल्या नव्हत्या. मागच्या चैत्रात त्या आठ दिवस गेल्या आणि परात भावांनी घेतली. त्या आठवड्यात आईची उत्तरं जास्त बरोबर यायला लागली. चौकशी केल्यावर समजलं, धाकटा वस्तू पुरताना तिला डोळा मारून सांगत होता.

आता यंदाच्या आषाढीचं. नंदवाळला जाताना आई सबंध वाट चालणार नाही. पुईखडीच्या रिंगणापर्यंत ती गाडीतून येईल. रिंगणात तिला कडेला, खुर्चीवर जागा पाहिजे, आणि तिच्या उजव्या अंगाला गर्दी नको. तिकडून धक्का आला तर तिला तो कळत नाही, नुसती पडते. नंदवाळात शेवटचा टप्पा ती सँडल घालून चालेल. तेव्हा कुणी "माऊली, पायातलं काढा" म्हणू नये, ही विनंती चोपदारांनी आधीच सगळ्यांना सांगावी. तुळस तिच्या डोक्यावर देऊ नका. तुळशीच्या डाव्या बाजूनं चालत, डावा हात कुंडीला लावून ती येईल, हे तिचं तिनंच ठरवलंय.

दिंडीत अशी आणखी चार-पाच माणसं आहेत. त्यांच्या घरच्यांना परातीचा कार्यक्रम बघायचा असला तर बुधवारी भजनाच्या आधी आमच्याकडं या. ज्वारी घरून आणायची गरज नाही. ज्याच्या त्याच्या हाताच्या ओळखीची एखादी वस्तू तेवढी खिशात घालून आणा.

रामकृष्ण हरी.